पंधरा रुपयांतले आठ

नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचे नाव निघाले की लहानपणी वाचलेल्या दोन गोष्टी बहुतेकांना आठवतात. वर्गात सगळी गणिते बरोबर आली म्हणून शाबासकी मिळाली असता, त्यांतले एक आपण दुसऱ्याच्या मदतीने सोडविले हे सांगून रडू लागलेला मुलगा ही पहिली. आणि रस्त्यावरच्या दिव्याखाली बसून अभ्यास करणारा मुलगा ही दुसरी. दोन्ही गोष्टी मुलांना सांगण्याजोग्या आहेत यात शंका नाही. तथापि त्या वर्षानुवर्षे ज्या रीतीने सांगितल्या गेल्या, तीमुळे वाचणाऱ्याची अशी समजूत होते की, थोर माणसे आपल्या अंगच्या गुणांच्या बळावर एकटीच वर चढत गेली. दिव्याखालचा मुलगा आपल्याला दिसतो. त्याला कोल्हापुरात शिकत ठेवण्यासाठी कागलला नोकरी करणारा अठरा-एकोणीस वर्षांचा त्याचा भाऊ मात्र त्या चित्रात नसतो. त्या भावाचे नाव गोविंदराव. गोखल्यांच्या प्रत्येक चरित्रात तो येतो, आपले काम करतो आणि पान उलटताच निघून जातो. शिक्षणाचा विचार करणाऱ्यांनी त्या पानावर थोडे अधिक थांबले पाहिजे.

गोखल्यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या खेड्यात झाला. घराणे ताम्हणमळ्याचे. कोकणातल्या त्या जमिनीवर घर चालणे अवघड होते, म्हणून वडील कृष्णराव घाट चढून कागलला गेले. कोल्हापूर दरबारच्या छत्राखालच्या त्या छोट्या जहागिरीत त्यांनी प्रथम कारकुनी केली आणि पुढे ते फौजदार झाले. दोन मुलगे आणि चार मुली असा संसार. पुंजी म्हणावी अशी काही नव्हती. तरीही कृष्णरावांनी एक गोष्ट मनाशी पक्की केली होती, ती ही की मुलांना इंग्रजी शिकवायचे. कागलची शाळा संपताच गोविंदा आणि गोपाळ या दोघांनाही त्यांनी कोल्हापूरला शिकायला पाठविले. त्या काळच्या मध्यम स्थितीतल्या कुटुंबाने शिक्षणावर लावलेला हा मोठा डाव होता; कारण मिळवता माणूस एकच, आणि त्याच्यामागे दुसरा आधार नाही.

१८७९ साली कृष्णराव वारले. गोविंदराव अठराच्या आसपास, गोपाळ अवघा तेरा वर्षांचा. चुलते अंताजीपंत यांनी वहिनीला आणि मुलींना ताम्हणमळ्याला नेले, हे त्यांचे उपकारच म्हटले पाहिजेत; पण मुलांच्या शिक्षणाचा भार उचलण्याची ऐपत त्यांच्याजवळ नव्हती. कोल्हापुरात शिकत असलेल्या दोघा भावांपुढे हिशेब उघड होता. दोघांनीही शिकणे शक्य नव्हते. गोविंदरावांनी शिक्षण सोडले आणि वडिलांनी जेथे चाकरी केली त्या कागललाच दरमहा पंधरा रुपयांची नोकरी धरली. त्या पंधरांतले आठ रुपये ते दरमहा कोल्हापूरला गोपाळकडे पाठवू लागले.

हा आकडा चरित्रकारांनी नोंदवून ठेवला, ही त्यांची कृपाच झाली. अशा त्यागांचे आकडे सहसा कुणी लिहून ठेवत नाही. पंधरांतून आठ गेल्यावर सात उरतात, हे गणित पहिलीतल्या मुलालाही येईल. परंतु त्या सातांत गोविंदरावांचा संसार होता, ताम्हणमळ्याला असलेल्या आईची आणि बहिणींची काळजी होती, सणवार होते, दुखणी होती आणि बहिणींच्या लग्नांचा घोर होता. कमाईचा अर्ध्याहून मोठा हिस्सा एका भावाच्या शाळेसाठी, आणि उरलेल्यात बाकी सगळे. वर्षातून एकदा सढळ हाताने देणे त्या मानाने सोपे असते. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, आपल्या घरी काय कमी आहे हे डोळ्यांपुढे असताना, तीच रक्कम बाजूला काढून ठेवायची, आणि हे वर्षानुवर्षे करायचे, यासाठी वेगळी माणसे लागतात. कारकुनी पेशात आयुष्य गेलेल्या वाचकांना हे अधिक फोड करून सांगण्याची गरज नाही.

आठ रुपयांची किंमत कोल्हापुरातल्या मुलाला पुरती ठाऊक होती. दिव्याखालच्या अभ्यासाची गोष्ट घडली तीही त्यातूनच. एका सोबत्याने त्याला नाटकाला चल म्हटले. हे निमंत्रण आहे असे समजून गोपाळ गेला. नंतर त्या सोबत्याने तिकिटाचे दोन आणे मागितले. गोपाळने कुरकुर न करता ते दिले आणि महिन्याचा हिशेब जुळविण्यासाठी घरच्या दिव्याचे तेल वाचवून रस्त्यावरच्या दिव्याखाली वाचू लागला. आपण ही गोष्ट ज्ञानाच्या तळमळीचा नमुना म्हणून सांगतो; वस्तुतः ती दोन आण्यांची गोष्ट आहे. ते दोन आणे आपले नाहीत, कागलला कुणाच्या तरी ताटातले आहेत, ही जाणीव त्या मुलाला इतकी बोचत होती की भावाला ते कळविण्यापेक्षा रस्त्यावर बसणे त्याने पत्करले.

गोखल्यांच्या स्वभावातल्या अनेक गोष्टींचा उगम मला येथे दिसतो. त्यांचा हळवेपणा, आपल्या हातून चूक होईल याची सततची धास्ती, आकड्यांविषयीची काटेकोर निष्ठा, टीका जिव्हारी लागण्याची खोड, या साऱ्यांचा त्यांच्या समकालीनांना कधी कौतुकाने तर कधी त्रासून उल्लेख करावा लागला. ज्याच्या शिक्षणासाठी दुसऱ्याने आपले शिक्षण सोडले, त्याला नापास होण्याचा अधिकार राहत नाही. अशा मुलाचे बालपण लवकर संपते. त्यागाची गोडवी गाताना ही बाजूही लक्षात घेतली पाहिजे, कारण देणाऱ्यावर जसा भार असतो तसा घेणाऱ्यावरही असतो आणि तो त्याला कुणाजवळ बोलूनही दाखविता येत नाही.

१८८१ साली गोपाळ मॅट्रिक झाला. आता नोकरी धरून भावाचा भार हलका करावा असे त्याच्या मनाने घेतले. मॅट्रिक झालेल्या मुलाला त्या काळी नोकरी मिळण्यासारखी होती, आणि आणखी पंधरा-वीस रुपये घरात आले असते तर त्या घराचा रंगच पालटला असता. पण गोविंदरावांनी ते मानले नाही. त्यांच्याही आधी त्यांच्या पत्नीने मानले नाही. कॉलेजचा खर्च कसा भागवायचा हा प्रश्न आला तेव्हा तिने आपले मोजके दागिने पुढे केले.

दागिने मोडणे हा शब्दप्रयोग आपण सहज वापरतो. त्या वेळच्या स्त्रीच्या दृष्टीने दागिना म्हणजे नुसती हौस नव्हती. नवऱ्याच्या मिळकतीवर तिचा हक्क नव्हता, माहेरच्या जमिनीत वाटा नव्हता. अडीअडचणीला, वैधव्यात, म्हातारपणी जे काही तिचे म्हणून उरायचे ते एवढेच. ते तिने आपल्या मुलासाठी दिले असते तर त्यात स्वार्थाचा अंश आहे असे एखाद्या चिकित्सकाला म्हणता आले असते. तिने दिले ते दिरासाठी. शिवाय ज्या विद्येसाठी दिले, ती विद्या तिच्या स्वतःच्या वाट्याला येणार नव्हती. पुण्यात मुलींसाठी हुजूरपागेची शाळा निघाली ती १८८४ साली, गोखले बी. ए. झाले तेही त्याच वर्षी. आपल्या आठवणीत ती ‘वहिनी’ एवढ्या नात्यानेच राहिली आहे.

राजाराम कॉलेज, डेक्कन कॉलेज आणि अखेर मुंबईचे एल्फिन्स्टन असा गोखल्यांचा शिक्षणाचा प्रवास झाला. एल्फिन्स्टनमध्ये वर्डस्वर्थ आणि हॉथॉर्नथ्वेट यांसारखे प्राध्यापक लाभले. दरमहा वीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली आणि कागलच्या आठ रुपयांवरचा ताण कमी झाला. वयाच्या अठराव्या वर्षी पदवी हाती आली. काही दिवस इंजिनिअरिंगचा विचार झाला आणि मागे पडला. मग कायद्याच्या अभ्यासाचे ठरले. घरच्यांच्या दृष्टीने हेच योग्य होते. वकिली म्हणजे पैसा, मान आणि एवढ्या वर्षांच्या ओढाताणीचे फळ. पोटापाण्यासाठी १८८५ च्या सुमारास गोखल्यांनी पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये दरमहा पस्तीस रुपयांवर शिक्षकाची नोकरी धरली. शिकवण्या केल्या, घरचे देणे फेडण्याकडे लक्ष दिले. इतके सगळे कोणत्याही सुशिक्षित महाराष्ट्रीय घराच्या इतिहासात शोभेल असेच आहे.

यापुढे जे घडले त्याला कसोटीचा क्षण म्हटले पाहिजे. न्यू इंग्लिश स्कूलच्या त्या वातावरणात, टिळक-आगरकरांच्या सहवासात, या तरुणाच्या मनात वेगळेच विचार घोळू लागले. डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य व्हायचे, म्हणजे वीस वर्षे अल्प वेतनावर शिकविण्याची शपथ घ्यायची. दरमहा वेतन पंच्याहत्तर रुपये. वकिलीची आशा कायमची सोडायची. हे गोविंदरावांना सांगायचे कसे? ज्याने आपले शिक्षण सोडले, जिने आपले दागिने दिले, त्यांच्या पदरात आता बेताच्या पगाराचा मास्तर टाकायचा! गोविंदरावांना हे प्रथम रुचले नाही, आणि न रुचण्यात गैर काहीच नव्हते. त्यांना चैन नको होती. पण एवढ्या वर्षांनी थोडी निश्चिंती मागण्याचा अधिकार त्यांना होता. अखेर धाकट्या भावाने त्यांची समजूत घातली आणि त्यांनी संमती दिली. १८८६ साली गोखले आजीव सदस्य झाले.

माझ्या मते पंधरांतले आठ रुपये देणे ही गोविंदरावांची लहान देणगी होती. मोठी देणगी ही संमती होय. पोटाला चिमटा घेऊन मुलाला शिकविणारी घरे आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्या शिक्षणाचे पीक आपल्या खळ्यात यावे ही अपेक्षाही स्वाभाविक आहे, तिला हिणविण्याचे कारण नाही. पण मुलगा शिकून शहाणा झाला आणि त्याने आपले शहाणपण घराबाहेर वापरायचे ठरविले, तर त्याला मोकळे करणे हे शिकविण्याहून कितीतरी कठीण आहे. त्या एका होकारातून फर्ग्युसन कॉलेजला दीर्घकाळ शिकविणारा प्राध्यापक मिळाला. तो गरजेप्रमाणे गणित, इंग्रजी, इतिहास, अर्थशास्त्र असा पडेल तो विषय शिकवीत असे, आणि सुटीत कॉलेजच्या इमारतीसाठी गावोगाव वर्गणी मागत हिंडत असे. त्याच प्राध्यापकाने लिहिलेले अंकगणिताचे पुस्तक मॅकमिलन कंपनीने काढले आणि कित्येक पिढ्यांनी त्यावर हिशेब शिकले. आठ रुपयांत महिना बसविणाऱ्या मुलाने हिशेबाचे पुस्तक लिहावे, हे तसे पाहिले तर क्रमप्राप्तच होते.

पुढचे सार्वजनिक आयुष्य वाचकांना ठाऊक आहे. वेल्बी कमिशनपुढील १८९७ ची साक्ष, मुंबई आणि नंतर केंद्रीय कायदेमंडळातील काम, १९०२ पासूनची अंदाजपत्रकावरची भाषणे, १९०५ साली बनारसच्या काँग्रेसचे अध्यक्षपद आणि त्याच वर्षी १२ जून रोजी भारत सेवक समाजाची स्थापना, यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. प्रस्तुत विषयाशी संबंध येतो तो प्राथमिक शिक्षणाच्या विधेयकाचा.

१९१० च्या मार्चमध्ये गोखल्यांनी प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे करण्याच्या दिशेने पावले टाकावीत असा ठराव केंद्रीय कायदेमंडळात मांडला आणि सरकारने विचाराचे आश्वासन दिल्यावर मागे घेतला. एक वर्ष वाट पाहून १६ मार्च १९११ रोजी त्यांनी विधेयकच आणले. ते इतके सौम्य होते की आज वाचताना आश्चर्य वाटते. सक्ती देशभर नव्हे, तर ज्या भागात ठराविक प्रमाणात मुले आधीच शाळेत जातात तेथेच. तीही तेथील नगरपालिकेने वा जिल्हा मंडळाने मनावर घेतले तर आणि सरकारने मान्यता दिली तर. वय सहा ते दहा. आरंभी फक्त मुलगे, मुलींचा विचार मागाहून. खर्चाचा दोन-तृतीयांश भार सरकारने उचलावा, उरलेला स्थानिक संस्थांनी. त्यात एक कलम असे होते की ज्या पालकाचे उत्पन्न दरमहा दहा रुपयांहून अधिक नाही, त्याच्याकडून फी घेऊ नये.

दहा रुपयांचे ते कलम लिहिताना गोखल्यांच्या मनात काय आले असेल, याविषयी कल्पना लढविण्याचे कारण नाही. मात्र दरमहाच्या मिळकतीतले रुपये आणि मुलाची शाळा यांचा संबंध काय असतो, हे त्या सभागृहात त्यांच्याइतके जवळून पाहिलेले सभासद फार नसावेत. समोर बसलेल्यांत जहागीरदार होते, जमीनदार होते, मोठ्या पगाराचे गोरे अधिकारी होते. लोकांकडून मागणी नाही, प्रांतिक सरकारे अनुकूल नाहीत, पैसा नाही, सक्तीला देश तयार नाही, असे आक्षेप निघाले. शिकलेल्या हिंदी सभासदांतूनही काहींनी विरोध केला. १९ मार्च १९१२ रोजी विधेयक ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. गोखल्यांना त्याचा अंदाज होता. तरीही त्यांनी ते मतास टाकले.

मागणी नाही हा आक्षेप सर्वांत खोटा होता. पंधरांतले आठ रुपये देणारी घरे देशात होती, दागिने पुढे करणाऱ्या वहिनी होत्या. यापरती मागणी ती कोणती? ती सभागृहापर्यंत ऐकू गेली नाही याचे कारण एवढेच की अशी माणसे अर्ज-विनंत्या करीत नाहीत. ती आपले ताट थोडे रिकामे ठेवतात आणि त्याविषयी बोलत नाहीत. सरकारांना अशी मुकी माणसे सोयीची असतात, हे १९१२ सालीच खरे होते असे नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. गोखल्यांचे दारिद्र्य खरे होते, पण ते ब्राह्मण घरातले दारिद्र्य होते. पैसा नसला तरी शाळेचे दार त्यांना उघडे होते, घरात अक्षरओळख होती, खानावळीत पंगतीला बसता येत होते. त्याच मुंबई इलाख्यात, त्यानंतर काही वर्षांनी, सुभेदार रामजी सकपाळ यांना आपल्या भीमरावाच्या पुस्तकांसाठी लग्न झालेल्या मुलींकडे जाऊन त्यांचे दागिने मागावे लागत, गहाण टाकावे लागत आणि पेन्शन आली की सोडवून परत करावे लागत. थोरल्या मुलाला शाळा सोडून नोकरी धरावी लागली. म्हणजे भावाचे शिक्षण आणि बहिणीचा दागिना हे दोन्ही तेथेही खर्ची पडले. आणि एवढे करून त्या मुलाला वर्गात बसायचे ते घरून नेलेल्या गोणपाटावर, पाणी मिळायचे ते शिपायाने वरून ओतले तर. कुटुंबाचा त्याग एवढ्याच भांडवलावर ज्यांना विद्या मिळवायची, त्यांच्यात हे दोघे त्यातल्या त्यात यशस्वी ठरलेले. ज्यांच्या घरी पंधरा रुपयेच नव्हते आणि मोडायला दागिनाच नव्हता, त्यांची चरित्रे लिहिली गेली नाहीत.

गोखल्यांच्या विधेयकाला इंग्लंडमधल्या कायद्यांचा आधार होता, पण त्याला घरचाही दाखला होता. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ पासून तो सर्व संस्थानाला लागू केला. गोखले १९ फेब्रुवारी १९१५ रोजी, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षात, वारले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९१७ साली, कोल्हापूर संस्थानात शाहू छत्रपतींनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. शाहू महाराज जन्माने कागलच्या घाटगे घराण्यातले. ज्या कागलात गोविंदराव पंधरा रुपयांवर राबले आणि ज्या कोल्हापुरात गोपाळ आठ रुपयांत राहिला, तेथे हे घडले. पुढच्या वर्षी विठ्ठलभाई पटेलांनी मुंबई इलाख्यातील नगरपालिकांसाठी तसा कायदा करून घेतला.

साऱ्या देशापुरते बोलायचे तर त्याला फार वेळ लागला. राज्यघटनेने चौदा वर्षांपर्यंतच्या शिक्षणासाठी दहा वर्षांची मुदत घातली होती. ती केव्हाच उलटून गेली. २००२ मध्ये घटनादुरुस्ती झाली, २००९ मध्ये कायदा झाला आणि तो १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. गोखल्यांचे विधेयक फेटाळले गेल्याला तेव्हा अठ्ठ्याण्णव वर्षे झाली होती.

हा कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी आहे. गोपाळचे वडील वारले तेव्हा तो तेरा वर्षांचा होता. म्हणजे आजच्या कायद्याने त्याची जेमतेम वर्षभराची सोय झाली असती, आणि त्याने स्वतः मांडलेल्या विधेयकाने तर तीही झाली नसती. मॅट्रिक, कॉलेज, मुंबईतली खोली, पुस्तके, परीक्षेची फी हे सर्व त्या मर्यादेच्या पलीकडचे. आजही ज्या घरातला मुलगा किंवा मुलगी दहावी होऊन तालुक्याहून पुण्याला शिकायला निघते, त्या घरात मोठा भाऊ कुठेतरी कामाला लागलेला असतो, आई सोन्याच्या तारणावर कर्ज काढायला सहकारी पतपेढीच्या बाकावर बसलेली असते, आणि धाकट्या बहिणीचे नंतर पाहू असे ठरलेले असते. शिष्यवृत्तीची रक्कम वेळेवर येत नाही, म्हणून महिनाअखेर वसतिगृहातल्या मुलाचे एक वेळचे जेवण सुटते, आणि ते तो घरी कळवीत नाही.